पैसे भरून घेतलेला मोड, आणि त्याच लॅपटॉपवर बँक

आर्णी तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलं आहे, थोडक्यात असं: "भाचा शिकायला माझ्याकडे आहे, बारावीला. लॅपटॉपवर ट्रकचा गेम खेळतो. एका साइटवर आपल्याकडच्या दहा चाकी ट्रकचा मोड (म्हणजे गेममध्ये बाहेरून घालायची गाडी) साडेतीनशे रुपयांत मिळतो, तो घ्यायचा म्हणून मागे लागला आहे. त्याच्या मित्रानं तोच मोड घेतला तर अँटिव्हायरसनं ट्रोजन, म्हणजे वेश बदलून आलेला चोर प्रोग्रॅम, म्हणून फाइल उडवली. साइटवाले म्हणतात अँटिव्हायरस बंद करून टाका, तो उगाच ओरडतो. पोरांमध्ये बोलणं चालू आहे की ती साइट लॅपटॉपमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर घालते. मी त्याच लॅपटॉपवर बँकेचं काम करतो, कापसाचे पैसे त्याच खात्यात आले आहेत. पैसे भरून घेतलेली गोष्ट तरी चांगली असते ना? घेऊ देऊ की नको?"

भाऊ, आधी साडेतीनशे रुपये बाजूला ठेवा. ते बुडालेच तर युरियाची एक बॅग आणि वर चहापाणी, एवढंच गेलं. तुमची भीती वेगळी आहे आणि ती बरोबर आहे: ती फाइल लॅपटॉपवर एकदा चालली, की तिला काय काय वाचता येईल? साइट चांगली की वाईट हे मी इथे दारव्ह्यात दुकानात बसून सांगू शकत नाही. साइटचं नाव तुम्ही दिलेलं नाही, आणि दिलं असतं तरी फाइल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी बोललो नसतो. पण साइटचा स्वभाव न ओळखताही निर्णय घेता येतो. चौदा वर्षं मोबाइल-लॅपटॉप उघडून बसतो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

"पैसे भरले म्हणजे माल चोख" हा हिशोब बियाण्याच्या दुकानात कसाबसा चालतो, पक्कं बिल असलं तर. फाइलच्या बाबतीत तो चालत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीतली गोष्ट आहे. फ्लाइट सिम लॅब्स नावाची कंपनी विमानाच्या गेमसाठी एअरबस ए-३२० विकायची. फुकटछाप नव्हे, महागडं आणि नावाजलेलं काम. त्यांच्या इन्स्टॉलरमध्ये, म्हणजे विमान संगणकात बसवणाऱ्या सेटअप प्रोग्रॅममध्ये, 'टेस्ट' नावाची एक फाइल गिऱ्हाइकांना सापडली. ती क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड काढून घेणारं साधन निघाली. कंपनीनं कबूल केलं. म्हणणं असं, की चोरीचा सिरियल नंबर टाकणाऱ्यालाच पकडायला ती ठेवली होती, प्रामाणिक गिऱ्हाइकावर ती चालतच नाही. बोंबाबोंब झाल्यावर काढून टाकली. पण विचार करा, पैसे मोजून विमान घेतलेल्या प्रत्येकाच्या संगणकावर ती फाइल उतरली होती. त्याच्याही आधी २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या विकतच्या सीडींनी लोकांच्या संगणकात स्वतःला लपवणारं सॉफ्टवेअर बसवलं होतं, कॉपी होऊ नये म्हणून. म्हणजे तुमच्या भाच्याचे मित्र हवेत बोलत नाहीत. पैसे घेणाऱ्यांनी हे केलेलं आहे.

उलटी बाजूही आहे. विकणारा प्रामाणिक असून फाइल बिघडू शकते. २०२३ च्या नाताळात गेम विकणाऱ्या स्टीम या साइटवर 'डाउनफॉल' नावाच्या एका चांगल्या फुकट मोडमधून पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम लोकांकडे गेला, कारण बनवणाऱ्याचं खातंच चोरांनी ताब्यात घेतलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये माइनक्राफ्टच्या मोडचं असंच झालं. बिचाऱ्या बनवणाऱ्यांचा दोष काही नव्हता. म्हणून विकणाऱ्याची नियत तपासत बसण्यात अर्थ कमी. फाइल कोणत्या जातीची आहे आणि ती कोणत्या मशीनवर चालणार आहे, एवढंच आपल्या हातात असतं.

आता अँटिव्हायरसचं. तो खोटा ओरडू शकतो का? शकतो, आणि विकतच्या मोडवर तर जास्तच. विकणाऱ्याची अडचण अशी, की एक पोरगा साडेतीनशे भरतो आणि पन्नास जणांना वाटतो. म्हणून ते कुलूप लावतात. इन्स्टॉलर तुमच्या हार्ड डिस्कचा, मदरबोर्डचा नंबर वाचतो, तो त्यांच्या सर्व्हरला कळवतो आणि मोड त्याच एका मशीनला बांधून टाकतो. शिवाय कुलूप कोणी फोडू नये म्हणून प्रोग्रॅम आतून गुंडाळलेला असतो. आता मशीनचा नंबर वाचणे, गुपचूप नेटवर काही पाठवणे, स्वतःला गुंडाळून ठेवणे या नेमक्या चोरांच्याही सवयी आहेत. अँटिव्हायरसला नियत कळत नाही, सवय कळते. म्हणून साइटवाला सरळ माणूस असण्याची शक्यता मी नाकारत नाही.

पण "अँटिव्हायरस बंद करून टाका" या वाक्यावर मी थांबतो. रानडुकरांसाठी जागलीला बसलेला माणूस कधी वाऱ्यानं हललेल्या तुरीवरही बॅटरी मारतो. म्हणून आपण त्याला घरी झोपायला पाठवत नाही. सरळ विकणाऱ्याकडे दुसरे मार्ग असतात. फाइलवर डिजिटल सही करता येते, अँटिव्हायरस कंपनीला फाइल पाठवून खोटा इशारा काढून घेता येतो, नाही तर कुलपाशिवाय साधी मोड फाइल देता येते. हे सगळं सोडून जो गिऱ्हाइकालाच दार उघडं ठेवायला सांगतो, त्याचं काम मी माझ्या दुकानातल्या मशीनवर चालवत नाही.

फाइलची जात कशी ओळखायची, ते जरा तब्येतीनं सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे.

युरो ट्रक सिम्युलेटर २ सारख्या गेमचा मोड म्हणजे मुळात एससीएस किंवा झिप फाइल. ती डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या 'मोड' फोल्डरमध्ये ठेवायची, गेममध्ये जाऊन चालू करायची, संपलं. तिच्यात ट्रकचा आकार, रंगाची चित्रं, आवाज आणि काही मजकुराच्या फाइली असतात. ती गेम वाचतो, विंडोज चालवत नाही. अशी फाइल लावताना विंडोज ना अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं, ना अँटिव्हायरस मध्ये येतो. फार्मिंग सिम्युलेटरच्या ट्रॅक्टरचंही तसंच, झिप फोल्डरमध्ये टाकली की झालं. (त्या गेममध्ये कापूस मशीन वेचते. आमच्याकडे पोरं ते पाहून हसतात, बाया ते पाहून गप्प होतात.) ट्रकच्या गेमला डीएलएल प्रकारचे प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्रॅमही लावता येतात. ते मात्र खरे प्रोग्रॅम असतात, म्हणून ते असले की गेम सुरू होताना तसा इशारा देतो. आणि ईएक्सई किंवा एमएसआय म्हणजे तर उघडच प्रोग्रॅम. ट्रकच्या चित्रांसाठी सेटअप प्रोग्रॅम कशाला लागतो, हे विकणाऱ्याला विचारा. उत्तर बहुतेक ते कुलूपच असेल, पण विचारा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक पोरगं लॅपटॉप घेऊन आलं. तक्रार लॅपटॉपची नव्हतीच. त्याच्या इन्स्टाग्रामवरून मित्रांना क्रिप्टोच्या जाहिराती जात होत्या. "भाऊ, लॅपटॉप तर मस्त चालून राहिला, फक्त इन्स्टा बिघडलं." डाउनलोड फोल्डर उघडला. अकरा एमबीची झिप, शेजारी तीच उघडलेली, आत एकच फाइल: सातशे वीस एमबी. तिच्यावर ट्रकचं चिन्ह, नावाच्या शेवटी एससीएस. मी फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाइल नेम एक्सटेन्शन्स चालू केलं, आणि नावाला पुढे आणखी एक शेपूट फुटलं: ईएक्सई. अकरा एमबीचे सातशे वीस का होतात, तर आत नुसती शून्यं भरलेली असतात. व्हायरसटोटलसारख्या तपासणीच्या साइटवर ६५० एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही. चोरानं तेवढ्यासाठी ती फुगवली होती. पोरानं ती उघडली, काहीच झालं नाही असं त्याला वाटलं, म्हणून आणखी दोनदा उघडली.

असे प्रोग्रॅम घरात राहायला येत नाहीत. येतात, ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि कुकी उचलतात, पाठवतात आणि बरेचदा स्वतःला पुसून निघून जातात. काम मिनिटभराचं. कुकी म्हणजे "हा माणूस आधीच आत आला आहे" अशी चिठ्ठी. ती दुसऱ्याच्या हाती लागली की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही नाही. यासाठी अ‍ॅडमिनची परवानगीही लागत नाही, कारण त्या खात्यातून तुम्ही जे वाचू शकता, ते त्या खात्यात चाललेला प्रोग्रॅमही वाचू शकतो. गूगलनं २०२४ मध्ये क्रोमचं कुलूप घट्ट केलं, पण चोरांनी त्यालाही वाटा काढल्या. तेव्हा "लॅपटॉप स्लो नाही, म्हणजे काही नाही" हे मनातून काढून टाका.

त्या पोरानं आधी मला सांगितलं की विकतच्या साइटवरूनच घेतला. थोडं बसवून चहा पाजल्यावर खरं निघालं: विकतचा मोड कोणीतरी टेलिग्रामवर फुकट 'लीक' केला होता, तिथून उतरवला. माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या लॅपटॉपमध्ये हाच प्रकार सगळ्यात जास्त. नाव विकतच्या मोडचं, माल चोराचा, आणि बदनाम होते ती मूळ साइट. म्हणून भाऊ, भाच्याच्या मित्रानं मोड खरंच पैसे भरून घेतला होता का, हे प्रेमानं विचारून घ्या. रागावलात तर तो सांगणार नाही.

व्हायरसटोटल वापरायचं असेल तर त्याचा निकाल कसा वाचायचा तेही ऐका. तिथे सुमारे सत्तर कंपन्यांची अँटिव्हायरस फाइल तपासतात. दोन-तीन अनोळखी कंपन्यांनी 'जेनेरिक' म्हटलं आणि बाकी गप्प, तर ती कुलपाची भानगड असू शकते. वीस-पंचवीस जणांनी ओळखलं आणि नावात 'स्टीलर', म्हणजे चोर, दिसलं, तर विषय संपला. शून्य आलं तरी नाचू नका. कालच बनवलेली फाइल कोणी ओळखत नाही. आणि पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत तपासणाऱ्याला पाहताच येत नाही, तिथे शून्य म्हणजे बंद पेटीवर हात फिरवून "ठीक आहे" म्हणणं. विंडोजचा निळा पडदा, "हे अ‍ॅप ओळखीचं नाही" सांगणारा, तो मात्र वेगळा. फाइल नवी किंवा कमी लोकांनी उतरवलेली असली तरी तो येतो.

मोबाइलवर खेळणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. तुम्ही विचारलं नाही, तरी लिहितो, कारण गावात लॅपटॉप एक असेल तर मोबाइल चाळीस. बस सिम्युलेटर इंडोनेशिया हा गेम आपल्या पोरांनी लालपरीसाठी डोक्यावर घेतला आहे. एमएच ४० नंबर, दारव्हा आगार, यवतमाळची पाटी, सगळं हुबेहूब पाहिजे. मोडवाले एकोणपन्नास, नव्याण्णव रुपये यूपीआयनं घेतात, स्क्रीनशॉट पाठवला की झिपचा पासवर्ड देतात. गाडीची मोड फाइल गेमच्या आतून उघडते, तिथवर फार धोका नाही. एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, आली की थांबायचं. बसला एपीके लागत नाही. लागलीच, तर ती एसएमएस वाचायची किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची (पडद्यावरचं वाचायची, बटणं दाबायची) परवानगी मागते का ते बघायचं. मागितली तर ते गाडीचं काम नाही.

एका शेतकऱ्याचा फोन असाच आला होता. फोन त्याचा, खेळणारा पोरगा सातवीतला. "बँकेचा मेसेजच येत नाही, बॅलन्स कमी होऊन राहिला." मेसेज येत होते, पण ते एक अ‍ॅप आल्याआल्या पुढे पाठवून पुसत होतं. त्या अ‍ॅपला चिन्हही नव्हतं, सेटिंगमधल्या अ‍ॅपच्या यादीत खाली कोपऱ्यात सापडलं. पीएम किसानच्या किंवा चलानच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एपीके हेच करतात, इथे वेश बसचा होता. १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला तिथूनच फोन लावला, बँकेनं काही रक्कम थांबवली, सगळी नाही.

आता तुमचं. मी तुमच्या जागी असतो तर मोडचा निर्णय नंतर घेतला असता, आधी लॅपटॉपची वाटणी केली असती. विंडोजमध्ये भाच्यासाठी वेगळं खातं उघडा, स्टँडर्ड प्रकारचं, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार नसलेलं. तुमच्या अ‍ॅडमिन खात्याला पासवर्ड लावा आणि तो त्याला सांगू नका. गेम त्याच्या खात्यात, मोडही तिथेच. तिथे एखादी वाईट फाइल चाललीच, तर तिच्या हाती त्याचं इन्स्टाग्राम लागेल, तुमची बँक सहसा नाही. सहसा म्हणतो, कारण विंडोज जुनं आणि अपडेट नसलेलं असेल तर भिंत ओलांडता येते. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हा कोणतं विंडोज आहे ते पाहा. माझं मत विचाराल तर बँकेचं काम त्या लॅपटॉपवरून पूर्णच काढा. तुमच्या स्वतःच्या फोनवर करा, ज्याला पोरं हात लावत नाहीत. आणि ब्राउझरमध्ये साठवलेला बँकेचा पासवर्ड आजच पुसा. हे घर सोडून कुठे न जाता अर्ध्या तासात होतं.

ते झालं की भाच्याला विकणाऱ्याशी बोलायला लावा. एकच प्रश्न: इन्स्टॉलरशिवाय साधी एससीएस फाइल देता का? देत असेल तर घेऊ द्या, साडेतीनशे गेले तर गेले. पोरगं चोरीचा माल न घेता पैसे मोजायला तयार आहे, ही मला तरी चांगली गोष्ट वाटते. "नाही, सेटअपच चालवावा लागेल, अँटिव्हायरस बंद करून," असं उत्तर आलं तर नको म्हणा. तसला ट्रक दुसऱ्या कोणी तरी बनवलेला असतोच. शक्य असेल तिथे स्टीमचा मोडचा विभाग, म्हणजे स्टीम वर्कशॉप, फार्मिंग सिम्युलेटर असेल तर कंपनीचा मोडहब, इथून घ्यायला सांगा. वर डाउनफॉलचं उदाहरण दिलंच आहे, तिथेही शंभर टक्के नाही, पण तिथे घाण सापडली तर काढणारा कोणी तरी असतो.

पैसे देताना यूपीआयच बरं. पिन तुम्ही स्वतः टाका, मागितलेली रक्कम नीट वाचा, आणि ऑटोपेची मंजुरी मागत असेल तर परत फिरा. साइट डॉलरमध्ये कार्ड मागत असेल तर कार्डाचा परदेशी व्यवहार तेवढ्यापुरता चालू करून लगेच बंद करा, बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते बटण असतं. आणि साइटवर खातं उघडताना भाच्यानं जीमेलचाच पासवर्ड तिथे टाकू नये. साइट भली असली तरी उद्या फुटू शकते.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: मित्राचा सेटअप भाच्यानं पेन ड्राइव्हवर आणून तुमच्या लॅपटॉपवर चालवून पाहिला तर नाही ना? पाहिला असेल तर वरचं सगळं थांबवा. लॅपटॉपचं नेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेचा आणि जीमेलचा पासवर्ड बदला, गूगलच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, म्हणजे चोरलेली चिठ्ठी बाद होते. त्याच लॅपटॉपवरून पासवर्ड बदलू नका, नवाही जाईल. पैसे हलले असतील तर आधी १९३०, बाकी सगळं नंतर. मग विंडोज पुसून नव्यानं टाकायचं. नुसतं स्कॅन करून मी असा लॅपटॉप परत देत नाही.

विंडोज टाकायला माझ्याकडे आणणार असाल तर बाजाराचा दिवस सोडून या, त्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नसते. चार्जर सोबत आणा. आणि भाच्याला घेऊन या, फोटो आणि नोट्स कोणत्या फोल्डरमध्ये आहेत ते त्यालाच माहीत असेल.